नाही म्हणण्याची सोय

२१ मार्च २०२४ रोजी स्टेट बँकेने निवडणूक रोख्यांचे, म्हणजे तिच्याकडून विकत घेऊन राजकीय पक्षाला देणगी म्हणून द्यायच्या कागदांचे, क्रमांक निवडणूक आयोगाला दिले आणि कुठल्या कंपनीचा रोखा कुठल्या पक्षाने वटवला, याची जुळणी पहिल्यांदाच करता आली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ही बँक हा तपशील मागणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाला सांगत होती की काम फार किचकट आहे, ३० जूनपर्यंत मुदत हवी. न्यायालयाने ११ मार्चला ती मागणी फेटाळली आणि जे काम चार महिन्यांत होणार नव्हते ते दहा दिवसांत झाले. पत्रकारांनी आणि संगणकाची हौस असलेल्या कितीतरी लोकांनी रात्री जागून तक्ते जुळवले. आठवडाभर मथळे झाले, मग निवडणूक आली आणि गेली. विशेष तपास पथक नेमण्याची मागणी न्यायालयाने २ ऑगस्टला नाकारली. त्या याद्या आता कोणीही उतरवून घेऊ शकतो. कोणी घेत नाही.

या प्रकरणाचा धडा म्हणून ‘पारदर्शकता हवी’ एवढेच सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. पारदर्शकता हवीच, पण ती मिळाल्यावर काय होते हे आपण पाहिले. माझे म्हणणे साधे आहे: कंपन्यांनी राजकीय पक्षांना पैसे देणे कायद्याने पूर्ण बंद व्हावे. मर्यादा नको, ट्रस्ट नको, रोखे तर नकोतच. आणि हे मी उद्योगांवरच्या रागातून म्हणत नाही. या बंदीची सगळ्यात जास्त गरज खुद्द कंपन्यांनाच आहे, असे मला वाटते.

आधी तो रोखा नीट पाहू. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा पाच किमतींत तो मिळे. सामान्य देणगीदाराला छोट्या रकमा देता याव्यात असा आव होता, पण विकल्या गेलेल्या रोख्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एकेक कोटीच्या रोख्यांतली निघाली. कागदावर घेणाऱ्याचे नाव नाही, देणाऱ्याचेही नाही. पंधरा दिवसांत वटवायचा. नुसत्या डोळ्यांना तो कोरा आणि निनावी दिसे, पण अतिनील प्रकाशाखाली धरला की कोपऱ्यात एक क्रमांक उमटत असे. पूनम अग्रवाल या पत्रकाराने रोखे विकत घेऊन, प्रयोगशाळेत तपासून ही गोष्ट २०१८ मध्येच उघड केली होती. म्हणजे मूठ मतदारासाठी झाकलेली होती, विकणाऱ्या बँकेसाठी नाही, आणि बँक सरकारची. रिझर्व्ह बँकेने या कल्पनेला सुरुवातीलाच हरकत घेतली होती, निवडणूक आयोगाने तिला मागे नेणारे पाऊल म्हटले होते. दोघांचेही कोणी ऐकले नाही. वित्त विधेयकातून, म्हणजे राज्यसभेला अडवता येऊ नये अशा वाटेने, २०१७ मध्ये कायदे बदलले गेले. कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली आणि कोणत्या पक्षाला पैसे दिले ते हिशेबात दाखवण्याचे बंधनही गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली तोवर १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ पासूनचा जो तपशील बाहेर आला त्यात भाजपच्या वाट्याला सहा हजार कोटींहून जास्त, तृणमूल काँग्रेसच्या सोळाशे कोटींहून जास्त, काँग्रेसच्या चौदाशे आणि भारत राष्ट्र समितीच्या बाराशे कोटींहून जास्त आले. तृणमूल आणि भारत राष्ट्र समिती हे तेव्हा एकेका राज्यातले सत्ताधारी, तरी देशभर पसरलेल्या काँग्रेसच्या आगेमागे. पैसा पक्षाचा विचार पाहून जात नाही, खुर्ची पाहून जातो, हे या चार आकड्यांतून जितके कळते तितके शंभर भाषणांतून कळत नाही.

मग कंपन्यांची नावे आली. क्विक सप्लाय चेन नावाच्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या कंपनीने एकूण ४१० कोटींचे रोखे घेतले होते. त्यातले बहुतेक २०२१-२२ या एकाच वर्षातले, आणि त्या वर्षीचा तिचा नफा होता सुमारे २२ कोटी. जुनी साडेसात टक्क्यांची मर्यादा असती तर एवढ्या नफ्यावर दीड-दोन कोटींच्या पुढे जाताच आले नसते. नफ्याच्या कितीतरी पट देणगी देणारी कंपनी स्वतःचेच पैसे देत होती का, हा प्रश्न कुठल्याही हिशेबनिसाला पडेल. अरबिंदो फार्माच्या एका संचालकाला १० नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या मद्यधोरण प्रकरणात ईडीने अटक केली. १५ नोव्हेंबरला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले, आठवडाभरात ते भाजपच्या खात्यात जमा झाले, आणि पुढच्या वर्षी तो संचालक माफीचा साक्षीदार झाला. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे, चौदा हजार कोटींच्या घरातले काम मेघा इंजिनिअरिंगला मिळाले ते मे २०२३ मध्ये. त्याच्या आदल्या महिन्यात त्या कंपनीने शंभर कोटींहून जास्त रकमेचे रोखे घेतले होते.

या तारखा म्हणजे पुरावा नव्हे. काम निविदेतून मिळाले, साक्षीदार न्यायालयाच्या परवानगीने झाला, असे उत्तर देता येते आणि ते खोडून काढता येत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. लाच सिद्ध करायची तर देणे आणि निर्णय यांच्यामधला धागा दाखवावा लागतो, आणि शहाणी माणसे तो कागदावर येऊ देत नाहीत. कित्येकदा तो धागा नसतोही. कोणी काही मागत नाही, कोणी काही कबूल करत नाही. फक्त सगळ्यांना सगळे ठाऊक असते.

मात्र या यादीकडे निव्वळ ‘खरेदी’ म्हणून पाहिले तर अर्धेच कळते. सर्वात मोठी खरेदीदार निघाली फ्यूचर गेमिंग ही लॉटरीचा व्यवसाय करणारी कंपनी. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले, त्यातले पाचशे कोटींहून जास्त द्रमुकला गेले. पण तमिळनाडूत २००३ पासून लॉटरीवर बंदी आहे आणि द्रमुकच्या राज्यातही ती उठली नाही. मग पाचशे कोटींत काय मिळाले? उघड दिसणारे तर काही नाही. याच कंपनीमागे ईडीचाही ससेमिरा होता. असा देणारा काही विकत घेत असतो की काही टाळत असतो, हे बाहेरून सांगता येत नाही. माझा अंदाज असा की पुष्कळ वेळा त्यालाही ते सांगता येणार नाही.

आपल्याकडे कंपनी चालवणे म्हणजे काय ते आठवून पाहा. जमीन बिगरशेती करून घ्यायची, पर्यावरणाची परवानगी, प्रदूषण मंडळाची संमती, वीजजोडणी, सीमाशुल्क, जीएसटीची नोटीस, औषध कंपनी असेल तर औषध निरीक्षक, बांधकाम असेल तर अर्धा डझन ना-हरकत दाखले. यातला प्रत्येक कागद कोणीतरी पंधरा दिवसांत देऊ शकतो किंवा दीड वर्ष दाबून ठेवू शकतो, आणि दोन्ही नियमांतच बसते. अशा ठिकाणी पक्षाच्या कोषाध्यक्षाचा फोन येतो तेव्हा धमकीची गरजच नसते. ‘यंदा निवडणूक आहे, तुमचं सहकार्य असू द्या’ एवढे वाक्य पुरते. समोरचा आकडा विचारतो, आणि प्रतिस्पर्ध्याने किती दिले असतील याचा अंदाज बांधतो. तो देत असेल आणि आपण दिले नाही तर? या एका ‘तर’वर सगळा व्यवहार चालतो. ज्याला काही खास नको आहे, ज्याला फक्त आपले काम नियमाने व्हावे एवढेच हवे आहे, तोही देतो. एका पक्षाला देतो, मग विरोधकालाही थोडे देतो, कारण सरकारे बदलतात.

या माणसाला सध्याचा कायदा कोणतेही संरक्षण देत नाही. उलट कायदाच त्याला उघडा पाडतो. देणगी कायदेशीर आहे, घटनापीठाच्या निकालाने परत आलेली मर्यादाही नफ्याच्या प्रमाणात ठरलेली आहे, म्हणजे तो किती देऊ शकतो हे मागणाऱ्याला ताळेबंद पाहून आधीच कळते. ‘देऊ शकत नाही’ असे म्हणायला त्याच्याकडे काही उरत नाही, ‘देणार नाही’ एवढेच उरते, आणि सत्तेतल्या माणसाला ते सांगायला फार मोठी छाती लागते. बंदी आली तर निदान एक वाक्य त्याच्या हाती येईल: साहेब, कायद्यात बसत नाही, लेखापरीक्षक अडवेल, तुरुंगात जावे लागेल.

हा विचार माझा एकट्याचा नाही. अमेरिकेत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पक्षांना मिळणाऱ्या अमर्याद कंपनी-देणग्या बंद करा, असे म्हणणाऱ्यांत काही मोठ्या कंपन्यांचे प्रमुखच होते. दोन्ही पक्षांच्या सततच्या वसुलीला ते कंटाळले होते. २००२ मध्ये तो कायदा झाला. पुढे २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना उमेदवाराशी संगनमत न करता प्रचारावर हवा तेवढा खर्च करण्याची मुभा दिली आणि बऱ्याच केल्यासवरल्यावर पाणी पडले, ती वेगळी गोष्ट.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर आला तो मुंबई उच्च न्यायालयात, १९५७ साली. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करून घ्यायचा होता आणि एका भागधारकाने त्याला विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याच्या चौकटीत राहून कंपनीला परवानगी दिली, पण निकालातच बजावले की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो आणि संसदेने याचा विचार करावा. परवानगी देतानाच तिच्याविरुद्ध इतके कडक लिहिणारा निकाल विरळाच. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली: पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. १९६४ मध्ये भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने संपूर्ण बंदीची शिफारस केली. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने ती आणली.

इथे विरोधक लगेच म्हणतील की बघा, बंदी होती आणि काय झाले? काळा पैसा आला, बॅगा आल्या. हे खरे आहे आणि ते झाकून पुढे जाता येणार नाही. पण ती बंदी कशी आली तेही पाहावे. १९६७ मध्ये उद्योगपतींचा पैसा ‘स्वतंत्र’ नावाच्या विरोधी पक्षाकडे वळू लागला होता आणि त्या पक्षाने लोकसभेत ४४ जागा मिळवल्या होत्या. विरोधकांची रसद तोडणे हा बंदीचा एक हेतू नक्कीच होता. धनादेश बंद केला, पण पक्षांना दुसरा कुठला कायदेशीर पैसा दिला नाही. वर लायसन्स-परमिटचा कारभार आणखी घट्ट केला, म्हणजे मागणाऱ्याच्या हातातली छडी लांब झाली. खर्चालाही लगाम नव्हता. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरावा असा निकाल दिला, तर काही आठवड्यांतच वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला गेला. ती पळवाट आजही शाबूत आहे: मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, त्याच्या पक्षाला कसलीच नाही. खर्च मोकाट, परवाने मुठीत आणि धनादेश बंद, अशा स्थितीत बॅगा नाही तर काय येणार? १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने पाच टक्क्यांपर्यंत देणग्या पुन्हा कायदेशीर केल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने साडेसात टक्के केले. कायदेशीर झाल्यामुळे बॅगा थांबल्या असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

बंदी आणून जगबुडी होत नाही, याचे दाखले आहेत. फ्रान्सने १९९५ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, दक्षिण कोरियाने २००४ मध्ये, कॅनडाने केंद्रीय पातळीवर २००६ च्या कायद्याने. ब्राझीलमध्ये तेलकंपनीच्या महाघोटाळ्याची लक्तरे रोज बाहेर येत असताना २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बंदी घातली. सगळीकडे सगळे सुरळीत झाले असे नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९७७ पासून बंदी होती, पण तिथल्या अभियांत्रिकी कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या नावाने पैसे देत आणि मागाहून त्यांना ते भरून देत. पुढे चौकशी आयोग बसला, हा सगळा बनाव जाहीर सुनावण्यांत उलगडला. पळवाटा निघणारच. फरक एवढाच की तिथे पळवाट काढणे गुन्हा होता, म्हणून चौकशी करता आली. आपल्याकडे चौकशी कशाची करणार? सगळेच कायदेशीर होते.

कायदा कोणासाठी वाकतो याचे एक उदाहरण तर रोख्यांपेक्षाही बोलके आहे, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात नाही. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही परदेशी निधीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी धरले. एका परदेशी उद्योगसमूहाच्या भारतीय कंपन्यांकडून दोघांनी देणग्या घेतल्या होत्या. कारवाई व्हायला हवी होती. झाली ती कायदादुरुस्ती. २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परदेशी’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. त्याआधीच्या देणग्या उघड्या पडल्या हे लक्षात आल्यावर २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख ऑगस्ट १९७६ पर्यंत नेली. लोकसभेत ते गदारोळात, चर्चेविना मंजूर झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या कलमावर कसे गप्प बसले ते पाहिले की कुंपणच शेत खाते म्हणजे काय ते कळते.

रोखे गेल्यावर आता पैसा इलेक्टोरल ट्रस्टांतून वाहतो. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना. ट्रस्टला कोणी दिले आणि ट्रस्टने कोणाला दिले हे दोन्ही जाहीर होते, पण कोणाचे पैसे कोणाकडे गेले ते समजत नाही, कारण सगळे एकाच हौदात पडलेले असते. २०२३-२४ मध्ये प्रुडंट या सर्वात मोठ्या ट्रस्टने भाजपला ७२३ कोटी आणि काँग्रेसला दीडशेच्या वर कोटी दिले. ओघ तोच, फक्त पाट बदलला.

बंदीबरोबर काय हवे ते फार गूढ नाही. पक्षाच्या खर्चाला मर्यादा. व्यक्तीला स्वतःच्या खिशातून देता यावे, पण वर्षाकाठी ठरावीक रकमेपर्यंतच आणि नावानिशी. म्हणजे कंपनीच्या मालकाला नागरिक म्हणून इतरांइतकेच देता येईल, त्याच्या अभिव्यक्तीची गळचेपी वगैरे होणार नाही. मत माणसाला असते, कंपनीला नसते. तिसरी गोष्ट सरकारी मदत, पण ती ब्राझीलसारखी नको. तिथे खासदारांनीच आपल्या पक्षांसाठी निधी उभारला आणि तो वाढवत नेला. मदत द्यायचीच तर छोट्या देणग्यांशी बांधावी: पक्षाने सामान्य माणसाकडून जेवढे रुपये जमवले त्याच्या काही पट. मग पक्षाला कोषाध्यक्षाइतकीच शाखाप्रमुखाचीही गरज लागेल. तसेही जुन्या करपद्धतीत राहिलेल्या कंपनीला राजकीय देणगीवर शंभर टक्के वजावट मिळतेच, म्हणजे सरकारी तिजोरी आजही या खर्चाला हातभार लावते आहे. फक्त कोणाला द्यायचे ते कंपनी ठरवते.

हा कायदा करणार कोण, हा प्रश्न वाचकाने मघाशीच विचारला असेल. ज्यांनी १९७६ पर्यंत मागे जाऊन स्वतःला माफ केले ते उद्या आपलाच झरा बुजवतील अशी आशा मलाही नाही. म्हणून तोवर करता येण्यासारखी एक छोटी गोष्ट सुचवतो. कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार देणगीला फक्त संचालक मंडळाचा ठराव लागतो. भागधारकांना कोणी विचारत नाही, आणि या भागधारकांत तुम्ही-आम्ही आहोत, एसआयपीतून, एलआयसीच्या पॉलिसीतून. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सुचवले की हा अधिकार संचालकांकडून काढून वार्षिक सर्वसाधारण सभेला द्यावा. तो अहवाल धूळ खात पडला आहे. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवर मतदान सक्तीचे केले आहे. संचालकाच्या पगारावर, लेखापरीक्षकाच्या नेमणुकीवर, नात्यातल्या कंपनीशी होणाऱ्या व्यवहारावर त्यांना बाजू घ्यावी लागते आणि ती जाहीर करावी लागते. पाच कोटी किंवा पाचशे कोटी कुठल्या पक्षाला द्यायचे हा ठराव मात्र त्यांच्यापुढे येतच नाही. तो येऊ लागला तर फंड व्यवस्थापकाला आपल्या लाखो गुंतवणूकदारांना लेखी सांगावे लागेल की या खर्चातून कंपनीचा नेमका काय फायदा आहे. ‘काहीच नाही’ असे लिहिले तर तो भागधारकांच्या पैशाची उधळपट्टी मान्य करतो, आणि ‘आहे’ असे लिहिले तर तो फायदा कोणता, ते पुढच्याच ओळीत सांगावे लागेल.